पडद्यावर मासेच मासे, गळाला काहीच नाही

तक्रार थोडक्यात अशी होती. वारज्यात राहणारा, हिंजवडीत नोकरी करणारा एक तिशीतला गडी सुट्टीच्या पहाटे गाडीच्या टपावर कयाक बांधून सोलापूर रस्त्याने भिगवण गाठायचा. उजनी धरणाच्या फुगवट्यात गळ टाकायचा आणि दुपारचा वारा सुटायच्या आत काठाला लागायचा. हौस वाढली तसा त्याने चार इंची पडद्याचा एक पोर्टेबल फिश फाइंडर, म्हणजे पाण्यातले मासे दाखवणारं यंत्र, घेतला. पहिल्याच सकाळी पडदा माशांच्या चित्रांनी भरून गेला. लहान मासा, मध्यम मासा, मोठा मासा, प्रत्येकाच्या डोक्यावर खोलीचा आकडा आणि वर सतत वाजणारी घंटी. गळाला मात्र काही लागेना. यंत्र नव्हतं तेव्हा जे चार मासे मिळायचे तेही बंद झाले, कारण आता तो पडद्यावरच्या माशांमागे पाणवठाभर फिरत होता.

त्याच पाण्यात हाकेच्या अंतरावर एक भोई मामा फायबरच्या होडीतून जाळं उचलत असायचे. जाळ्यात चिलापी असायची, अधूनमधून कटला, एखाद्या दिवशी शिवडा. म्हणजे पाण्यात मासे होते. मामांनी एकदा होडी कयाकला भिडवून पडदा न्याहाळला आणि म्हणाले, "सायेब, ह्या डबीत हायती तेवढी मासं खाली असती, तर मी कवाच माडी बांधली असती."

गडी माझ्याकडे आला तो माझ्या धंद्यामुळे. भोसरीच्या कारखान्यांमध्ये वेल्डिंगच्या जोडांची अल्ट्रासोनिक तपासणी करण्यात माझी बरीच वर्षं गेली. पोलादात आवाज सोडायचा, प्रतिध्वनी ऐकायचा आणि आत भेग कुठे आहे ते सांगायचं, असं ते काम. फिश फाइंडर त्याच कुळातला. जपानच्या फुरुनो बंधूंनी १९४८ साली मच्छीमारांसाठी व्यवहारात चालेल असं पहिलं यंत्र बाजारात आणलं तेव्हापासून त्याचं मूळ तत्त्व बदललेलं नाही. मासेमारीतलं मला फारसं कळत नाही. त्यामुळे माशांबद्दल जे विचारायचं ते मामांना विचारलं आणि यंत्रापुरतं मी बघितलं.

यंत्राला काय ऐकू येतं

यंत्राचा पाण्याकडचा भाग म्हणजे ट्रान्सड्यूसर. तो पाण्यात आवाजाचा ठोका सोडतो आणि परत येणारा प्रतिध्वनी ऐकतो. गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,४९० मीटर जातो, म्हणजे सहा मीटर खोल तळाला लागून परत यायला त्याला आठ मिलिसेकंद लागतात. यंत्राकडे मोजायला एवढी वेळ आणि आवाजाचा जोर, दोनच गोष्टी असतात. बाकीचं चित्र ते त्यावरून रचतं.

आवाज परततो तो दोन वेगळे पदार्थ भेटतात तिथून. माशाचं मांस आवाजाच्या दृष्टीने पाण्यासारखंच असतं. माशाचा प्रतिध्वनी येतो तो मुख्यतः त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून. म्हणून मी गड्याला सुरुवातीलाच सांगितलं की तुझं यंत्र मासा ओळखत नाही, पाण्यातली हवा ओळखतं. या प्रकरणाचं अर्धं उत्तर त्यातच होतं, फक्त ते आम्हाला नंतर सापडलं.

दुसरी गोष्ट पडद्याची. नवा माणूस पडद्याकडे खिडकीसारखं बघतो, जणू कयाकखालचं पाणी समोर उभं आहे. प्रत्यक्षात या क्षणाची माहिती फक्त उजव्या कडेच्या एका उभ्या रेघेत असते. डावीकडचं सगळं होऊन गेलेलं. पडद्याच्या मधोमध दिसणारा मासा अर्ध्या मिनिटापूर्वी कुठेतरी होता, आणि तेवढ्यात कयाक दहा-वीस मीटर पुढे आलेली असू शकते. गडी तिथेच गळ सोडत होता. कयाक थांबलेली असली तर गोष्ट आणखी वेगळी. पडदा सरकतच राहतो, पण खालचा तळ तोच असतो, त्यामुळे खडबडीत तळही सपाट रेघेसारखा दिसतो. जाहिरातीत दिसणारी माशाची कमान होडी किंवा मासा हलला आणि मासा आवाजाच्या सुळक्यातून, म्हणजे खाली पसरत जाणाऱ्या शंकूतून, आरपार गेला तरच उमटते. स्थिर कयाकखाली रेंगाळणारा मासा लांबलचक आडवी रेघ काढतो.

बसवणी

सगळ्यात आधी कयाक काठावर ओढून ट्रान्सड्यूसर पाहिला. उजव्या कडेला क्लॅम्प, त्याला ॲल्युमिनियमचा दांडा, दांड्याच्या टोकाला ट्रान्सड्यूसर. दिसायला झकास काम. मग गड्याला गुडघाभर पाण्यात कयाकमध्ये बसवलं आणि गवंड्याचा ओळंबा धरून पाहिलं. तो बसल्यावर कयाक थोडी कलायची, दांडाही वाकायचा, आणि ट्रान्सड्यूसरचं तोंड तळाऐवजी तिरपं एका बाजूला बघायचं. तिरप्या आवाजाला तळ एकाच वेळी भेटत नाही, त्याची जवळची कड आधी आणि लांबची नंतर भेटते. म्हणून त्याच्या पडद्यावर तळाची रेघ कायम जाड आणि धुरकट दिसत होती.

त्यात ट्रान्सड्यूसर होता वल्ह्याच्या मागे. वल्ह्याचा प्रत्येक फटका पाण्यात हवा कोंबतो आणि तो फेस थेट ट्रान्सड्यूसरच्या तोंडाखालून जायचा. यंत्राच्या लेखी ती पृष्ठभागाजवळची मासळीच. वीज येत होती मोबाइलच्या पॉवर बँकेतून, पाच व्होल्टचे बारा करणाऱ्या एका स्वस्तातल्या वायरीमार्फत. अशा वायरीतला विजेचा गोंगाट पडद्यावर ठिपके पाडतो. खात्री करायला सोपं आहे, बॅटरी बदलून बघायची. बदलली, आणि पुष्कळ ठिपके गेले.

बॅटरीसाठी फार शोध लागला नाही. तपकीर गल्लीत यूपीएसची बारा व्होल्ट, सात अँपिअर-अवर बॅटरी कुठेही मिळते. वजन दोन किलोच्या वर, पण कयाकला ते जाणवत नाही. या आकाराचं यंत्र अर्ध्या अँपिअरपेक्षा कमी खातं, त्यामुळे दिवसभराची चिंता नाही. घट्ट झाकणाचा डबा, वायर बाहेर येते तिथे रबरी बूच, आणि बॅटरीच्या तोंडाशीच तीन अँपिअरचा फ्यूज. फ्यूज टाळू नये. ओल्या कयाकमध्ये तारा जुळल्या तर वितळलेलं प्लास्टिक विझवायला पाणी चहूकडे असलं तरी उपयोग नसतो.

ट्रान्सड्यूसर मात्र आम्ही कयाकच्या पोटात नेला. साच्यात ओतलेल्या पॉलिथिनच्या कयाकचा तळ सलग, एकजीव असतो आणि त्यातून आवाज बऱ्यापैकी पार जातो. अट एकच, मध्ये हवा नको. सोनोग्राफीच्या वेळी पोटावर थंडगार जेल लावतात ते याचसाठी, आणि आम्ही पोलादावर तपासणी करताना तेल किंवा खळ लावतो तेही याचसाठी. कायमचं चिकटवण्याआधी एक चाचणी घ्यायची: प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरून ती कयाकच्या आतल्या तळावर ठेवायची, ट्रान्सड्यूसर त्या पिशवीवर दाबून धरायचा आणि खोली वाचायची. दोरीला दगड बांधून मोजलेल्या खोलीशी आकडा जुळला की ती जागा चालेल. मग सागरी वापराच्या सिलिकॉनचा जाड थर, त्यात ट्रान्सड्यूसर हळूहळू गोल फिरवत बसवायचा म्हणजे अडकलेले बुडबुडे कडेने निघून जातात. सिलिकॉन पुरतं वाळेपर्यंत हात लावायचा नाही.

यात तोटे आहेत. ट्रान्सड्यूसरमधला तापमापक आता पाण्याचं नाही, कयाकच्या पोटातलं तापमान सांगतो. आवाजाचा थोडा जोर प्लास्टिक खातं. खालचं चित्र फोटोसारखं दाखवणाऱ्या उंच कंपनसंख्येच्या यंत्रांना हा तोटा जास्त जाणवतो, याच्या साध्या २००/८३ किलोहर्ट्झच्या यंत्राला फरक पडला नाही. लाकडी होडीत मात्र हा प्रयोग करूच नये, लाकडाच्या रंध्रांतली हवा आवाज गिळते. मामांसारखी सलग फायबरची होडी चालेल. दोन थरांमध्ये फोम भरलेली चालणार नाही.

(चकचकीत पोलराइज्ड गॉगल घालून पडदा काळा दिसतो अशीही त्याची तक्रार होती. ती यंत्राची नाही. गॉगल आणि पडदा दोघांचेही गाळण एकमेकांना छेद देतात. मान कलवली की पडदा उजळतो.)

चित्रं बंद केल्यावर

त्यानंतर मी मेन्यूत जाऊन माशांची चित्रं बंद केली. गड्याचा चेहरा पडला. या चित्रांमागे यंत्राचा एवढाच हिशेब असतो की मध्येच लटकलेला, अमुक जोराचा प्रतिध्वनी आला की मासा काढायचा. बुडलेल्या बाभळीची फांदी, फेस, प्लास्टिकची पिशवी, सगळ्यांना तोच शिक्का. चित्रं गेली की खाली कच्चा प्रतिध्वनी उरतो. वाचायला कठीण, पण त्याच्यावर कुणाच्या अंदाजाचा रंग चढलेला नसतो.

कच्च्या पडद्यावर आम्हाला दिसल्या त्या तिरप्या रेघा. पुष्कळ. प्रत्येक रेघ तळापासून निघायची आणि वर चढत जायची. नांगर टाकून, वल्ही आत घेऊन आम्ही पाव तास नुसते बसून राहिलो. रेघा येतच राहिल्या, आणि त्यांचा चढ सगळ्यांचा जवळपास सारखा. माशाची रेघ अशी नसते. मासा कुठूनही सुरू होतो, आडवा राहतो, मध्येच वळतो, गायब होतो. ठराविक वेगाने तळापासून पृष्ठभागापर्यंत शिस्तीत चढत जाणारा मासा मी तरी ऐकलेला नाही. पाण्यातला काही मिलिमीटरचा बुडबुडा सेकंदाला साधारण वीस-पंचवीस सेंटिमीटर वर चढतो. सहा मीटर पाण्यात त्याला पंचवीस ते तीस सेकंद लागावेत. घड्याळ लावून पाहिलं, तेवढेच लागत होते.

मामांना ही शंका बोलून दाखवली तर ते हसले. होडीतला बांबू उचलून त्यांनी उथळ जागी चिखलात खुपसला आणि दोनदा हलवला. पृष्ठभागावर बुडबुड्यांची उकळी फुटली, नाकाला वास आला आणि गड्याचा पडदा पांढरा झाला. "हे बघा तुमचं कळप," मामा म्हणाले.

हा वायू येतो कुठून? तळाशी कुजणाऱ्या गाळातून. आणि उजनीच्या तळाशी एवढा गाळ कुठून आला, तर त्याचं एक मोठं उत्तर पुण्याकडे बोट दाखवतं. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेला मिळतं आणि भीमा उजनीत येऊन थांबते. पाणी थांबलं की सोबतचा सेंद्रिय गाळ खाली बसतो, शेवाळ माजतं, मरतं, तेही खाली बसतं. तळाशी ऑक्सिजन नसतो तिथे हे कुजताना मिथेनसारखे वायू सुटतात. गड्याच्या पडद्यावरचे मोठ्ठे मासे म्हणजे काही प्रमाणात वारज्याचंच ड्रेनेज होतं. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "काका, मग हा मासा मी खायचा का?" त्याला उत्तर देण्याचा अधिकार माझ्या यंत्राला नाही.

पडद्यावरची हिरवी धुरकट छाया हा दुसरा घोळ. शेवाळ आणि तरंगते सूक्ष्म जीव दाट असले की पाण्यातूनच प्रतिध्वनी येतात. यंत्राची संवेदनशीलता ऑटोवर ठेवली की ते धुकंही इमाने-इतबारे रंगवतं. हाताने संवेदनशीलता कमी करत जायचं, धुकं विरेपर्यंत पण तळाची रेघ ठळक राहील इतपत. पाण्याचा रंग बदलला की पुन्हा जुळवायचं. आमच्याकडे प्रत्येक वेगळ्या पोलादावर यंत्र नव्याने जुळवावं लागतं, त्यामुळे मला यात नवल वाटलं नाही. गड्याला मात्र वाटत होतं की एकदा लावलं की झालं.

एवढं सगळं काढून टाकल्यावर पडद्यावर मासे किती उरले? फारच थोडे. मधल्या पाण्यात पहाटे दिसणाऱ्या काही लांब आडव्या रेघा, आणि खोल भागाच्या कडेला कधीतरी एखादी जाड कमान.

इथे उलटी चूक व्हायची भीती असते. मासा दिसत नाही म्हणजे मासा नाही, असं नव्हे. आवाजाचा सुळका २०० किलोहर्ट्झला साधारण वीस अंशांचा. सहा मीटर खोलीवर त्याच्या तळाच्या वर्तुळाचा व्यास होतो जेमतेम दोन मीटर. दोन मीटर पाण्यात तर सत्तर सेंटिमीटर, म्हणजे कयाकच्या रुंदीएवढा. ८३ किलोहर्ट्झचा साठ अंशांचा सुळका सहा मीटरवर सात मीटरच्या आसपास पसरतो, पण तो काय कुठे आहे ते नीट सांगत नाही. कडेला असलेला मासा खरा आहे त्यापेक्षा खोल दिसतो, कारण यंत्र तिरपं अंतर मोजतं. तळाला चिकटून बसलेला मासा तळाच्या प्रतिध्वनीतच बुडून जातो. दगडांच्या कपारीतली वाम किंवा चिखलावर पडून राहिलेला शिवडा या यंत्राला दिसण्याची आशा धरू नये.

आणि चिलापी? तिचा नर काठालगतच्या उथळ पाण्यात खड्डे करून घरटं मांडतो. तिथे कमरेएवढंही पाणी नसतं. तिथे यंत्राचा सुळका ताटाएवढा होतो आणि कयाकची सावली पडताच मासे पळतात. गड्याला मिळू शकणारा सगळ्यात सोपा मासा नेमका यंत्राच्या आवाक्याबाहेर होता, आणि यंत्र मिळाल्यापासून त्याने काठ सोडून खोल पाणी धरलं होतं. मासे कमी का झाले याचं कारण इतकं साधं होतं.

मामांचा तळ

प्रकरण इथे संपलं असतं. पण चित्रं बंद केल्यावर पडद्यावर जी गोष्ट सगळ्यात स्वच्छ दिसायला लागली ती मासा नव्हती, तळ होता. आणि उजनीचा तळ हा साधा तळ नाही.

धरण १९८० साली पूर्ण झालं. त्याआधी तिथे शेतं होती, बांध होते, विहिरी, रस्ते, गावं. पळसदेवचं जुनं मंदिर पाणी उतरलं की बाहेर येतं, हे पुणे-सोलापूर रस्त्याने जाणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. २०२४च्या उन्हाळ्यात धरणाचा उपयुक्त साठा उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेला. पाणी उपयुक्त साठ्याच्या शून्य रेषेच्याही खाली गेलं की तिथे लोक 'मायनस' म्हणतात. त्या महिन्यांत मामा ज्या पाण्यात जाळं टाकतात त्यातल्या मोठ्या भागावरून पायी हिंडले होते. जुन्या बाभळींचे बुंधे कुठे आहेत, कुणाच्या विहिरीचं कठडं कुठे, बांध कुठून कुठे जातो आणि भीमेचं मूळ पात्र कुठे वळतं, हे त्यांच्या डोक्यात आहे.

आम्ही कयाक होडीच्या मागे दोरीने बांधली आणि मामांना म्हटलं, जुन्या पात्राला आडवे चला. पडद्यावर तळ चार-साडेचार मीटरवर सपाट चालत होता आणि मग घसरत साडेसात मीटरवर गेला. मामा वल्हं न थांबवता म्हणाले, "हितं दरड हाय." पडदा आणि मामा दोन-तीन मीटरच्या फरकाने एकच सांगत होते. पलीकडची दरड, मग पुन्हा सपाटी. मध्ये एका जागी तळाची रेघ एकदम उजळली आणि दुप्पट खोलीवर तिची फिकट सावली दिसली. कठीण तळावरून आवाज पृष्ठभागाला लागून पुन्हा खाली जातो आणि दुसऱ्यांदा परततो, त्याची ती सावली. मऊ चिखलात ती दिसत नाही, आवाज गाळातच जिरतो. मामांना विचारलं, इथे खाली काय आहे? "गाडीवाट व्हती. मुरूम टाकलेली."

माझ्या मते अशा पाण्यात या यंत्राची किंमत इथे वसूल होते. मासे शोधायला नव्हे, तळ वाचायला. मासे दरडीच्या कडेने, बांधाच्या आडोशाने, बुंध्यांच्या आसपास राहतात हे मामांना आधीच ठाऊक होतं. यंत्राने त्या जागा आकड्यांत आणि जीपीएसच्या खुणांत उतरवून दिल्या.

पण खुणा उतरवताना एक मोठी अडचण येते, आणि ती बहुतेक हौशी लोकांच्या लक्षात येत नाही. उजनीची पूर्ण पातळी ४९६.८३ मीटर, आणि उपयुक्त साठा शून्य होतो ती पातळी ४९१.०३ मीटर. म्हणजे शून्य ते शंभर टक्क्यांमध्ये पाणी जवळजवळ सहा मीटर चढ-उतार करतं. सप्टेंबरमध्ये सहा-साडेसहा मीटरवर टिपलेली दरड मे महिन्यात गुडघाभर पाण्यात असू शकते. म्हणून खोली वहीत लिहायची नाही, तळाची उंची लिहायची. पाण्याची पातळी वजा यंत्राने दाखवलेली खोली. पातळी ४९४.२० असताना ७.४ मीटर दिसलं तर तळ ४८६.८० मीटरवर. पातळी ४९६.२० झाली की त्याच जागी ९.४ मीटर असणार. रोजची पातळी जाहीर होते, वर्तमानपत्रातही येते. मात्र टक्केवारीवरून हिशेब करू नये. वरच्या थरात पाणी खूप पसरतं, त्यामुळे वरचा एक मीटर आणि खालचा एक मीटर यांत टक्के सारखे नसतात. आणि दौंडकडून मोठा विसर्ग येत असताना हे गणित मांडूच नये, तेव्हा फुगवट्याच्या वरच्या टोकाचं पाणी धरणाजवळच्या पाण्याइतकं सपाट नसतं.

फोनच्या जीपीएसची चूक उघड्या आभाळाखाली चार-पाच मीटरची असते. म्हणून बुंध्याची खूण टिपताना ठिपका न मानता दहा मीटरचं वर्तुळ मानायचं. गड्याने या सगळ्याचा एक तक्ता केला, हिंजवडीचा माणूस असल्याने तो गरजेपेक्षा थोडा देखणाच झाला. त्यात एक कामाचा रकाना मी घालायला लावला: बुंध्याच्या शेंड्याची उंची. तळ ४८८ मीटरवर आणि बुंधा दोन मीटरचा, तर शेंडा ४९०. पातळी ४९२ असली की तो पाण्याखाली दोन मीटरवर, नेमका जाळं अडकेल अशा बेतात.

जाळं हाच मामांचा मुद्दा होता. बाभळीच्या बुंध्यात अडकलेलं जाळं ओढून काढलं तर फाटतं, सोडून दिलं तर गेलं, आणि गेलेल्या जाळ्यात मासे अडकून कुजत राहतात. मासे दाखवणाऱ्या डबीत मामांना रस नव्हता, पण बुंधे दाखवणाऱ्या डबीकडे त्यांनी दुसऱ्यांदा वळून पाहिलं.

काय साधलं, काय नाही

दरडीच्या कडेने, पहाटेच्या पहिल्या दोन तासांत गळ टाकायला लागल्यावर गड्याला कटला आणि एकदा चांगला शिवडा मिळाला. चिलापीसाठी तो पुन्हा काठाने, यंत्र बंद ठेवून फिरतो. मिळकत पूर्वीपेक्षा थोडी बरी. यंत्राच्या किमतीशी तिची तुलना करायची नाही असं त्याने घरी ठरवून टाकलेलं दिसतं.

पाण्यात फेकायचा चेंडूसारखा फिश फाइंडर घ्यायला हवा होता का, असंही त्याने विचारलं. फोनला वायफायने चित्र पाठवणारा हा चेंडू काठावरून गळ टाकणाऱ्याला उत्तम, दुचाकीवर नेता येतो, बसवणीची कटकट नाही. कयाकवर मात्र तो ओढत न्यावा लागतो, लाटेवर डचमळतो, आणि उन्हात ओल्या हाताने फोन सांभाळणं आलं. उजनीत भर दुपारी फोनचा पडदा दिसतच नाही. काठावर बसूनच मासेमारी करायची असती तर मी चेंडू घे म्हटलं असतं.

वाऱ्याचं मात्र मी त्याला दरवेळी बजावतो. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी वादळी वाऱ्यात कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी होडी याच जलाशयात उलटली आणि सहा जण गेले. उजनीचं पाणी उघड्या माळासारखं लांब-रुंद आहे, वाऱ्याला अडवायला काही नाही, लाट बघता बघता उठते. पडद्यात डोकं घालून बसलेल्या माणसाला आभाळ दिसत नाही. गड्याने लाइफ जॅकेट अंगावर ठेवायचं कबूल केलं, आधी तो ते बसायला घ्यायचा. मामांनी त्याला वेगळा नियम घालून दिला: पश्चिमेकडे ढग काळे दिसले की मासा लागलेला असला तरी दोर कापायचा. परवान्याचा विषयही मामांनीच काढला. जलाशयातली मासेमारी परवान्यावर चालते, हौशी माणसाने जाळ्यांच्या रांगेत शिरण्याआधी विचारायचं असतं. गडी विचारत होता म्हणूनच मामांनी त्याला जवळ केलं.

मामांनी यंत्र घेतलं नाही. त्यांच्या होडीत पाण्याच्या पिशवीची चाचणी घेतली, तळ फायबरचा सलग असल्याने आकडे बरोबर आले. पण त्यांचं म्हणणं, मला बुंधे पाठ आहेत, पोराला नाहीत. तक्ता पोराच्या फोनमध्ये गेला. पोरगं होडीवर असताना खुणेजवळ आलं की फोन वाजतो आणि ते जाळं दहा मीटर अलीकडे सोडतं.

मध्य पाण्यातल्या पहाटेच्या त्या आडव्या रेघा कशाच्या, ते अजून ठरलेलं नाही. मामा म्हणतात बारकी मासळी. गळाला ती लागत नाही, म्हणून बारीक आसाचं एक छोटं जाळं मामा तिथे एकदा सोडून बघणार आहेत. त्याआधी पावसाळ्यात वाहून आलेल्या गाळाने आणि ओंडक्यांनी कुठल्या खुणा हलल्या ते तपासायचं काम आहे, आणि जलपर्णीचा पट्टा वाऱ्याने या बाजूला लागण्याआधी ते उरकायचं आहे.